विसार देण्याआधी भाड्याचा हिशोब

सांगलीत गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायचं मनात असेल, तर फ्लॅट बघायला जाण्याआधी त्या भागात भाडं खरोखर किती मिळतं ते काढा. एजंटाच्या आकड्यावर थांबू नका. त्याच इमारतीतल्या दोन-तीन भाडेकरूंना विचारा की भाडं किती, डिपॉझिट किती, मेंटेनन्स कोण भरतं, आणि ते येण्याआधी घर किती दिवस रिकामं होतं. हे शेवटचं बहुतेक जण विचारतच नाहीत. विश्रामबागला वालचंद-विलिंग्डन कॉलेजांची मुलं भाडेकरू असतील तर परीक्षा संपली की घर मोकळं होऊ शकतं. मिरजेत दवाखान्यांतले लोक घरं शोधतात, कुपवाडला एमआयडीसीतले, आणि दोघांना परवडणारं भाडं वेगळं.

मग कागद घ्या. समजा फ्लॅट 45 लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, रंगकाम धरून तो 48 लाखांना पडतो. भाडं महिना 12,000, म्हणजे वर्षाला 1,44,000. तुमचे पैसे म्हणजे 33 वर्षांचं भाडं झालं. आता एक महिना घर रिकामं धरा, मेंटेनन्सचे 18,000, घरपट्टीचे 8,000 आणि दुरुस्तीचे 10,000 वजा करा. हातात 96,000 उरतात, म्हणजे 2 टक्के. साडेआठ टक्क्यांनी 30 लाखांचं कर्ज काढलंत तर पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच लाखांवर जातं. वरचा सगळा भार उद्या किंमत वाढेल या आशेवर राहतो, आणि तेवढ्यावर आयुष्यभराची बचत लावू नये असं मला मनापासून वाटतं. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सूट मिळते, तीही मांडा.

पुराची चौकशी मात्र नीट वेळ देऊन करा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. जागा निळ्या पूररेषेत (जिथे पूर जास्त वेळा येतो) येते की लाल (जिथे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराचं पाणी पोचतं), हे महापालिकेच्या नगररचना विभागात बघा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी पार्किंग आणि रस्ता पाण्याखाली गेला तर भाडेकरू पुढच्या वर्षी टिकेलच असं नाही.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी), प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) आणि सर्च रिपोर्ट (जुने व्यवहार व बोजा यांचा शोध) वकिलाकडून तपासून घ्या. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, त्याचा खर्च कोण करणार तेही आधी ठरवा.

शेवटी भाड्यावरून उलटी किंमत काढा. 1,44,000 ची 25 पट म्हणजे 36 लाख; या किमतीला खर्च वजा करण्याआधीचं भाडं वर्षाला 4 टक्के पडतं. हा आकडा मालकाला सांगायला संकोच करू नका. तो ऐकणार नसेल तर त्याच गल्लीतली पंधरा वर्षं जुनी इमारत बघा; तिथे किंमत जेवढी उतरलेली असते तेवढं भाडं अनेकदा उतरलेलं नसतं. फक्त ती बघायला भर पावसात जा, आणि आधी गच्ची व जिन्याच्या भिंती बघा.