घरपट्टीसाठी धरलेले घराचे मूल्य बरोबर आणि न्याय्य आहे का, हे कसे तपासावे

घरपट्टीचे बिल आले की आपण रक्कम पाहतो आणि गेल्या वर्षीच्या बिलाशी ताडतो. त्यातून फारसे हाती लागत नाही. रक्कम कराचा दर वाढल्यानेही वाढते. तपासायचे असते ते घराला लावलेले मूल्य. ते अचूक आहे का, हा एक प्रश्न आणि इतरांच्या मानाने न्याय्य आहे का, हा दुसरा. पहिल्यात पास झालेले मूल्यांकन दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते, म्हणून दोन्ही तपासण्या करा.

आधी नोंद तपासा

आकारणीच्या नोंदीचा उतारा घ्या आणि टेप घेऊन घरभर फिरा. बांधकामाचे वर्ष, बांधकामाचा प्रकार, मजले, निवासी की व्यापारी वापर, सगळे पडताळा. सर्वाधिक वेळ क्षेत्रफळाला द्या. नोंदीत चटईक्षेत्र धरले आहे की भिंतींसकट बांधकाम क्षेत्र, हे मोजण्यापूर्वीच विचारा, नाहीतर दोन वेगळ्या मापांची तुलना होईल. पाडून टाकलेली शेड अजून नोंदीत आहे का? उघडी गच्ची खोली म्हणून धरली आहे का? अशा चुका दाखवायला मतभेदाची गरजच पडत नाही. नकाशा, मोजमाप आणि फोटो पुरतात.

मग मूल्य कसे काढले ते विचारा. साधारणपणे तीन पद्धती असतात: तशाच घरांच्या विक्रीवरून, बांधकामाच्या खर्चातून घसारा, म्हणजे वयानुसार होणारी किमतीतली घट, वजा करून, किंवा मिळू शकणाऱ्या भाड्यावरून. खर्चाची पद्धत असेल तर घराचे वय चुकले की घसाराही चुकतो. मूल्य कोणत्या तारखेचे धरले आहे, तेही लिहून घ्या.

मग इतर घरांशी ताडा

त्या तारखेच्या आसपास विकलेली, आकाराने, वयाने आणि वस्तीने आपल्यासारखी घरे शोधा. नातेवाइकांमधले व्यवहार आणि लिलाव वगळा. त्यांत बाजारभाव उमटत नाही. प्रत्येक घराच्या करमूल्याला, म्हणजे घरपट्टीसाठी धरलेल्या मूल्याला, विक्रीच्या किमतीने भागा. समजा, पाच घरांची गुणोत्तरे ०.७०, ०.७५, ०.८०, ०.८५ आणि ०.९० आली. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे गुणोत्तर, ०.८०. आता आपल्या घराचे करमूल्य बाजारभावाच्या ०.९५ पट असेल, तर बाजारापेक्षा कमीच धरले म्हणून आपण निश्चिंत राहू. प्रत्यक्षात दर सारखाच असताना आपण मध्यकाच्या मानाने सुमारे १९ टक्के जास्त कर भरत असतो. माझ्या मते सगळ्या तपासणीत हा हिशेब सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण करत नाहीत.

संपूर्ण वस्तीचे मूल्यांकन पाहायचे असेल तर इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असेसिंग ऑफिसर्स या करासाठी मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्यांच्या संस्थेचे निकष उपयोगी पडतात. मध्यक गुणोत्तर ०.९० ते १.१० असावे. मध्यकापासूनच्या अंतरांची सरासरी काढून तिला मध्यकाने भागले की विखुरणे कळते. वरच्या पाच घरांत ते ७.५ टक्के येते. जुन्या, वेगवेगळ्या धाटणीच्या घरांत ते १५ टक्क्यांपर्यंत चालते. मात्र वरच्या उदाहरणात विखुरणे आटोक्यात असूनही मध्यक ०.८०, म्हणजे निकषाखाली आहे. शिवाय पाच घरांवरून वस्तीबद्दल ठाम निष्कर्ष काढू नका. त्यासाठी बरीच जास्त घरे लागतात.

आणखी एक तपासणी लहान घरांसाठी फार महत्त्वाची आहे. २० लाखांना विकलेल्या घराचे मूल्य १९ लाख आणि १ कोटीच्या घराचे ७५ लाख धरले, तर गुणोत्तरांची साधी सरासरी ०.८५ येते, एकूण करमूल्याला एकूण किमतीने भागले तर सुमारे ०.७८. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.०८ च्या वर जाते. हा आकडा ०.९८ ते १.०३ मध्ये असावा. त्यापेक्षा जास्त म्हणजे छोट्या घरांवर जास्त भार. हा अन्याय एकट्याच्या बिलात दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून आकडे गोळा करावेत.

हरकत

मुदत आधी पाहा. ती चुकली की चांगला पुरावाही वाया जातो. अर्जात एकेक मुद्दा, त्यापुढे पुरावा, आणि शेवटी आपल्या मते योग्य मूल्य किती ते स्पष्ट लिहा. नुसते ‘कर जास्त आहे’ लिहिलेला अर्ज टिकत नाही. हरकतीनंतर मूल्य वाढूही शकते का आणि निकाल लागेपर्यंत कर भरावा लागतो का, हे नियमांत वाचून मगच अर्ज द्या. पोच घ्या आणि तिच्यावरची तारीख तपासा.