फिटची गोळी झोपेसाठी घेण्याआधी

देवगडात माझं मेडिकल आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असली की काउंटरवर झोपेच्या तक्रारी वाढतात. एरवी मध्यरात्री उठून बोटीवर जाणाऱ्या माणसाला अंथरुणात नुसतं पडून राहणं जमत नाही. त्यात एक प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच: "चेडवा, माका झोप येणा नाय. झिलाची फिटची गोळी घरात आसा, ती खाल्लंय तर चालात?" (झील म्हणजे मुलगा.)

नाही चालत. का नाही, ते नीट समजून घ्या, म्हणजे मी दुकानात नसतानाही तुमचा हात त्या डब्याकडे जाणार नाही.

आधी पट्टी उलटी करून औषधाचं नाव वाचा. ब्रँडचं नाही, खाली बारीक अक्षरात असतं ते. तिथे फिनोबार्बिटोन किंवा फिनोबार्बिटाल लिहिलं असेल (गार्डिनाल या नावाने ते बऱ्याच घरांत असतं), तर ते बार्बिट्युरेट, म्हणजे मेंदूला गुंगी आणणाऱ्या जुन्या औषधांच्या गटातलं आहे. एके काळी झोपेसाठी हीच औषधं देत. जर्मनीत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ मध्ये बार्बिटाल झोपेचं औषध म्हणून पुढे आणलं, १९१२ मध्ये फिनोबार्बिटाल आलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं डॉक्टरांच्या हाताशी दुसरं फारसं काही नव्हतं. १९६० नंतर बेंझोडायझेपिन गटातली औषधं मिळू लागली आणि बार्बिट्युरेट झोपेच्या उपचारातून मागे पडली. आज फिनोबार्बिटोनचं मुख्य काम फिट आवरणं. ते काम ते स्वस्तात आणि चांगलं करतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला अजून जागा आहे. काही बार्बिट्युरेटच्या माहितीपत्रकात तीव्र निद्रानाशासाठी थोड्या दिवसांचा वापर अजूनही लिहिलेला सापडतो. पण दोन आठवड्यांत झोपेवरचा परिणाम ओसरतो, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

खरा धोका इथेच आहे. झोप यायची बंद झाली की माणूस गोळी वाढवतो. शरीर झोपेच्या परिणामाला सरावतं, पण श्वास मंदावण्याच्या परिणामाला तेवढं सरावत नाही. त्यामुळे झोप लागण्याचा डोस आणि जीव घेणारा डोस यांतलं अंतर दिवसेंदिवस कमी होत जातं. मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं रसायन आपल्या शरीरातच असतं. बेंझोडायझेपिन त्या रसायनाचं काम वाढवतात, ते नसेल तर त्यांचं फारसं चालत नाही. बार्बिट्युरेट मात्र जास्त प्रमाणात गेलं की गाबाशिवायही मेंदूला दाबत जातं. शिवाय बेंझोडायझेपिनवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, बार्बिट्युरेटवर असा उतारा नाही. श्वास मशीनवर धरून ठेवायचा आणि औषध शरीरातून निघायची वाट बघायची. फिनोबार्बिटोनची पातळी निम्म्यावर यायलाच साधारण तीन-चार दिवस लागतात. आज रात्री घेतलेली गोळी उद्या सकाळी बोटीच्या फळीवर पाय टाकताना, परवा घाटात गाडी चालवताना अंगात असतेच.

दारू घेणाऱ्याने तर या गोळीला हातही लावू नये. दोन्ही मिळून श्वास थांबवू शकतात. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच ज्यांचा श्वास अडकतो, ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, लिव्हर खराब आहे, पोर्फिरियासारखा आजार (रक्तातला लाल घटक बनण्यात होणारा आनुवंशिक बिघाड) घराण्यात आहे, त्यांनीही नाही. म्हाताऱ्या माणसांना गुंगी येऊन ती न्हाणीघरात पडतात, काहींना उलट भ्रम होतो. हे औषध लिव्हरचं काम वाढवून बाकीच्या औषधांचा निकाल लावतं: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम कमी होतो. लग्न होऊन आलेल्या सुनेला हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मी सांगते.

आता उलट बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. घरातलं कुणी फिटसाठी ही गोळी घेत असेल, किंवा जुन्या सवयीने बरेच महिने झोपेसाठी घेत असेल, तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. अचानक थांबवली तर हात थरथरतात, झोप पार उडते, भ्रम होतो, फिट येतात आणि जीवही जाऊ शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. फिटच्या पेशंटची पट्टी शेजारी, मेहुण्याला, कुणालाही "एकच दे" म्हणून देऊ नका. त्याची मधली एक गोळी कमी पडली तरी त्याला फिट येऊ शकते.

कुणी जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आला, जागं करूनही जागं होत नसेल, श्वास संथ असेल, तर १०८ लावा. उलटी काढायला मीठपाणी पाजू नका. कुशीवर झोपवा, श्वासावर नजर ठेवा आणि रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. आणि घरात कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल तर गोळ्यांचा डबा आजच कुलपात ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग झोपेचं काय? आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं असेल तर तो आजार आहे, डॉक्टरांना दाखवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लाजण्यासारखं काही नाही, झोप हा त्यांचाच विषय. पहिला उपचार गोळीचा नसतोच. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. झोप आली तरच अंथरुणावर जायचं आणि बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून पडवीत बसायचं, मोबाइलशिवाय. दुपारची लांब झोप बंद. संध्याकाळनंतर चहा नाही. पहिले आठ-दहा दिवस जास्तच थकवा येतो, तेव्हा लोक सोडून देतात. तेव्हाच धरून ठेवायचं असतं.

डॉक्टरांकडे जाताना किती वाजता पडलात, किती वाजता उठलात हे दोन आठवडे वहीत लिहून न्या. सोबत घरातली सगळी औषधं पिशवीत घाला, काढे-चूर्णंसुद्धा. जुन्या पडून राहिलेल्या गोळ्या विहिरीत किंवा पऱ्यात (ओढ्यात) टाकू नका. पट्टीतून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात द्या. जमलं नाही तर दुकानात घेऊन या, कसं करायचं ते दाखवते.