पटिंगचा हात बसवायचा तर आधी वेग, मग दिशा

तीस फुटांवरून पट मारणारा, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे हलकेच घरंगळवणारा, नवखा गोल्फर दिशेत फारतर फूट-दीड फूट चुकतो. अंतरात मात्र तो चेंडू सहा फूट अलीकडे ठेवतो, नाहीतर तेवढाच पुढे घालवतो, आणि होलात जायला तीन-तीनदा पट मारावा लागतो तो यामुळेच. तरी साधनं घ्यायला गेलं की लोक आधी दिशा तपासायचा आरसा आणि लेझर उचलतात. माझ्या मते पैसे आधी वेगावर खर्च करावेत, आणि ते फार लागतही नाहीत.

जागा ठरवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की सकाळी आठनंतर ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) कोण उभं राहणार? तेव्हा कूलरसमोर, हॉलमध्येच मॅट टाका. नुसत्या फरशीवर चेंडू थांबायचं नाव घेत नाही, म्हणून निदान दहा फुटी पटिंग मॅट हवी. होलच्या तोंडाशी चढ असलेली मॅट घेऊ नका. जोरात मारलेला चेंडूही त्या चढावर मंदावतो आणि तुमच्या हाताला खोटी शाबासकी मिळते.

मॅटचा वेग मोजा. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये ग्रीनचा वेग मोजायचं साधं साधन बनवलं, ते स्टिम्पमीटर. आजचा स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंची ॲल्युमिनियमची पन्हळ. ती उचलत नेली की साधारण २० अंशांवर खाचेतला चेंडू सुटतो आणि तो जमिनीवर किती फूट गेला ते मोजतात. घरगुती आवृत्तीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून तीन फुटी ॲल्युमिनियम अँगल आणा. वरचं टोक पुस्तकांवर बरोबर एक फूट उंच टेकवा, म्हणजे कोन जवळपास तेवढाच होतो. खालच्या टोकापासून ३० इंचांवर पेनाने खूण करा, मॅट आखूड असेल तर १५ वर. त्या खुणेवरून चेंडू नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा सोडून सरासरी काढा. आकडा अधिकृत स्टिम्पमीटरशी जुळेलच असं नाही, पण तोच अँगल, तीच खूण ठेवून क्लबच्या सराव ग्रीनवर मोजलंत की घर आणि मैदान यांतला फरक कळतो. (ग्रीनकीपरला आधी विचारा, बरं का.)

सुतळीची शिडी. तीन फुटांपासून दर फुटावर सुतळी आडवी अंथरा. पहिला चेंडू पहिल्या दोन सुतळ्यांमध्ये थांबवा, पुढचा त्याच्या पुढच्या पट्टीत, असं चढत जा. पट्टी चुकली की पहिल्यापासून. मारल्यावर लगेच मान वर करू नका. आधी तोंडाने सांगा, "कमी पडला" किंवा "पुढे गेला", आणि मगच बघा. हाताला अंतर कळू लागतं ते या अंदाजातून. ही शिडी जमेपर्यंत बाकीचं काही केलं नाही तरी चालेल.

ताल. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारं ॲप) लावा, मिनिटाला ७५ ठोक्यांच्या आसपास. लांबच्या पटला पटर (पट मारायची काठी) मागे जास्त न्यायचा, ताल तोच ठेवायचा.

दिशा. पटरच्या डोक्याहून किंचित रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, घरात काड्यापेट्या ठेवा. त्यांना न लागता पटर निघाला की झालं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा जेमतेम ४३, म्हणजे जागा भरपूर असते. पण चेंडू वेगात आला तर कडेला लागून बाहेर पडतो. होल चुकलाच तर चेंडू दीड फुटात थांबेल, असा वेग धरा.

डिसेंबर-जानेवारीत सराव ग्रीनवर दव असताना पोहोचलात तर ओल्या गवतावर चेंडूची वाट उमटलेली दिसते आणि तो कुठे वळला ते फुकटात समजतं. फक्त दवामुळे चेंडू जड पळतो. ऊन चढल्यावर तोच पट पुढे जातो, म्हणून वेगाचा सराव दव सुकल्यावरच करा.

यातलं काहीही फेरी सुरू असताना पट मारायला वापरायचं नाही. गोल्फच्या नियम ४.३ नुसार स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) पहिल्यांदा दोन स्ट्रोकचा दंड बसतो आणि पुन्हा केलं तर थेट बाद.