कंबर ‘बसवून’ घेण्यापूर्वी

कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यात कुणाच्या कंबरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय लावून घे नाहीतर हाडवैद्याकडे जा, असे हटकून सांगितले जाते. फिजिओथेरपिस्ट मणक्याच्या सांध्याला हाताने जो छोटा, झटपट धक्का देतात, तो उपचार याहून वेगळा आहे. मात्र तोही प्रत्येकासाठी नाही.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही असल्यास धक्का न घेता त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारखे मोठे रुग्णालय गाठावे. पाठदुखीसोबत संध्याकाळी ताप येत असेल आणि वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी आधी करावी. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांनी ही माहिती स्वतःहून द्यावी. गुडघेदुखीवरच्या निनावी पुड्याही सांगाव्यात, कारण त्यांत स्टेरॉइड असू शकते.

उपचार करणाऱ्याची पदवी आणि फिजिओथेरपी परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच नको. पाय सरळ उचलून न पाहता, पायाची ताकद न तपासता जो थेट कंबरेला हात घालतो, त्याच्याकडून उठून यावे. कंबरेसाठी साधारणपणे कुशीवर झोपवून वरचा गुडघा वाकवतात, एक हात खांद्यावर व दुसरा कंबरेवर ठेवून सांधा ताणाच्या टोकापर्यंत नेतात आणि श्वास सोडताना धक्का देतात. त्या वेळी येणारा ‘कट्’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. सरकलेला मणका जागेवर बसल्याचा नव्हे. त्यामुळे आवाज आला नाही म्हणून पुन्हा धक्का मागू नये.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी शेक व मालिशसोबत हा पर्यायही आहे. पण फायदा बेताचाच असतो, आणि असे दुखणे बहुधा काही आठवड्यांत आपोआपही ओसरते. ब्रिटनच्या 2016 च्या सूचनांनुसार तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, आणि ते मला अधिक पटते.

मानेबाबत अधिक जपावे. मानेच्या धक्क्यानंतर क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तेथे आधी सौम्य हालचाली व व्यायामच मागावेत, आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान मोडून घेणे तर सोडूनच द्यावे. उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे, परंतु अचानक गरगरणे, बोलणे अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे दिसताच 108 ला फोन करावा.