सीटच्या कापडावरील जळका डाग घरीच बुजवा

गाडीची पूजा करताना अगरबत्तीचे निखारलेले टोक सीटवर पडले की हरभऱ्याएवढे भोक पडते, आणि तेवढ्यासाठी संपूर्ण कव्हर बदलण्याचा खर्च मुळीच आवश्यक नसतो.

१. नखे कापण्याच्या बारीक कात्रीने भोकाच्या कडेचा काळा, कडक झालेला भाग काढून टाकावा. तो राहिल्यास गोंद धरत नाही व काळी कड दिसत राहते.

२. सीटच्या खालच्या बाजूस दुमडलेल्या, शिलाईबाहेरील कापडातून भोकापेक्षा थोडा मोठा तुकडा कापावा, तो चिमट्याने भोकातून आत सरकवून फोमवर सपाट पसरावा आणि कडांखाली कापडाचा गोंद काडीच्या टोकाने अगदी थोडा लावावा.

३. त्याच कापडाचे धागे ब्लेडने खरवडून त्यांचा भुगा ओल्या गोंदावर दाबावा. डाग लपतो तो खरा या भुग्यामुळे, म्हणून येथे घाई करू नये. सीटच्या विणीच्या दिशेनेच तो बसवावा. वर प्लॅस्टिकचा कागद व वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे.

मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते व गोंद लावता लावताच सुकतो, म्हणून हे काम सायंकाळी सावलीत करणे उत्तम.

झटपट चिकटणारा गोंद मात्र वापरू नये. तो कडक होऊन टोचतो आणि सुती धाग्यांवर पडल्यास चटका बसण्याइतका तापू शकतो.