हॉटेलचा स्टाफ घडवताना या चुका टाळा

श्रावणी सोमवार होता. त्र्यंबकेश्वरला अभिषेक करून आलेलं एक वयस्कर जोडपं रेस्टॉरंटमध्ये बसलं होतं. काकूंनी विचारलं, "बाळा, उपासाचं काही मिळेल का रे?" मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "सॉरी मॅम, इट्स नॉट ऑन द मेन्यू." त्याच वेळी मागे स्टाफच्या जेवणासाठी साबुदाणा भिजत पडला होता, कारण निम्म्या स्टाफचाच उपास होता. तो मुलगा ट्रेनिंगमध्ये पहिला आलेला. चूक शिकवणाऱ्यांची होती, आणि त्यांत मीही होते.

इंग्रजी वाक्यं घोकून घेणं ही पंचतारांकित हॉटेलांतली सगळ्यांत जुनी चूक. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मुलांना घरी आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा, हे शिकवावं लागत नाही. आपण पाठांतराच्या नादात ती जाणच दाबून टाकतो. आता मी आधी मराठीत प्रसंग उभा करते: पाहुणा प्रवासाने शिणलाय, लेकरू रडतंय, खोली तयार नाही. काय कराल? उत्तर त्यांच्या शब्दांत आलं की मग इंग्रजी. आणि पाहुणा मराठीत बोलला तर उत्तरही मराठीतच.

दुसरी चूक, नियम सांगायचा पण कारण नाही. "रेड वाईन रूम टेम्परेचरला द्यायची" हे टेबलावर वाढणाऱ्या प्रत्येक स्टुअर्डला पाठ असतं. पण ते टेम्परेचर युरोपातल्या थंड खोल्यांचं. नाशिकच्या एप्रिलमधल्या उकाड्यात बाहेर ठेवलेली बाटली तशीच ओतली की अल्कोहोलचा भपकाच तेवढा येतो. रेडला साधारण १६ ते १८ अंश हवेत. बाटली पंधरा मिनिटं बर्फाच्या बकेटमध्ये ठेवा आणि बर्फात पाणी घाला. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, म्हणून ती लवकर गार होते. शिकवताना एक कोमट आणि एक गार ग्लास शेजारी ठेवा. नुसत्या वासानेही फरक कळतो, पिण्याची सक्ती नको. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी चालते, तेव्हा एखादी सकाळ मुलांना वायनरीत घेऊन जा.

हाऊसकीपिंगच्या मुलींना एक रात्र पाहुण्यासारखं खोलीत राहू द्या. वर्षभर तीच खोली आवरणारी एक मुलगी पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "मॅडम, हा दिवा सरळ डोळ्यांत येतोय, आणि बटणापर्यंत हात पोचत नाही." आमच्या तपासणीच्या यादीत हे कधीच आलं नव्हतं.

आणि अधिकार. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलांच्या साखळीत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च वरिष्ठांना न विचारता करता येतो, हे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सांडलेल्या कॉफीचे पैसे माफ करायलाही मॅनेजरला फोन जातो. रक्कम छोटी असू द्या, ५०० रुपये चालतील, वहीत नोंद ठेवा. पण दिलेला अधिकार वापरला म्हणून सुपरवायझरने चारचौघांत झापलं, तर पुन्हा कुणी पुढे येत नाही. म्हणून सुपरवायझरचं ट्रेनिंग आधी घ्या.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आयत्या वेळी भरती करून दोन दिवसांत उभं करायचा विचार असेल, तर तो सोडा. नव्या मुलाला निदान महिनाभर एकाच जुन्याजाणत्याच्या हाताखाली द्या.

आमच्या ब्रीफिंगच्या फळ्यावर आता पहिल्या ओळीत तिथी असते, आणि खाली मेन्यूबाहेरचं काय तयार आहे ते.