आरमध्ये एका फंक्शनला सर्व संयोग देताना आलेला अनुभव

कर्जाचा मासिक हप्ता काढणारे एक फंक्शन मी आर (R) ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागल्यावर लिहिले होते. त्याला मुद्दल, व्याजदर आणि महिने अशी तीन आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्ये) होती, आणि व्याजदर शून्य असल्यास सूत्रात शून्याने भागाकार होतो म्हणून आत एक साधी ‘इफ’ अट घातली होती. चार मुद्दले, 0 ते 11 टक्क्यांमधील पाच दर आणि तीन मुदती यांचे साठही संयोग तपासायचे होते. सर्व संयोग मांडणाऱ्या ‘एक्सपांड.ग्रिड’ने (expand.grid) साठ ओळींचा तक्ता क्षणात तयार झाला. त्याचे तिन्ही स्तंभ मी तसेच्या तसे फंक्शनला दिले आणि साठ उत्तरेही मिळाली.

शून्य दराच्या ओळी सोडल्यास ती सगळी चुकीची होती. दहा लाख रुपये, 9 टक्के, 120 महिने यांचा हप्ता सुमारे 12,668 रुपये यायला हवा, तिथे 8,333 दिसत होते, म्हणजे नुसता भागाकार. ‘इफ’ एकच सत्य-असत्य मूल्य पाहते. तक्त्याच्या पहिल्या ओळीत दर शून्य होता आणि तोच निर्णय साठही ओळींना लागू झाला. त्या वेळच्या आरने केवळ इशारा (वॉर्निंग) दिला होता, जो मी वाचला नाही. आवृत्ती 4.2.0 पासून अशा ठिकाणी थेट त्रुटी येते, हे नवशिक्यांचे भाग्यच म्हणायचे.

म्हणून संयोग तयार करण्याआधी, आपले फंक्शन व्हेक्टर, म्हणजे एकदम अनेक मूल्यांची यादी, स्वीकारते का, हे पाहावे. ‘इफ’ऐवजी प्रत्येक मूल्याची अट वेगळी तपासणारे ‘इफएल्स’ (ifelse) वापरल्यास वरचे काम भागते. ते शक्य नसेल, तर ‘एमॅप्लाय’ (mapply) प्रत्येक ओळीसाठी फंक्शन स्वतंत्रपणे चालवते. तक्त्यातील स्तंभांची नावे आर्ग्युमेंटच्या नावांशी जुळवून ठेवली, तर ‘डू.कॉल’मार्फत (do.call) संपूर्ण तक्ता एकदम देता येतो आणि स्तंभांच्या क्रमाची काळजी उरत नाही. साध्या फंक्शनला व्हेक्टर स्वीकारायला लावणारे ‘व्हेक्टराइझ’ (Vectorize) आतून ‘एमॅप्लाय’च वापरते, त्यामुळे त्याने सोय होते, वेग वाढत नाही. ‘आउटर’ (outer) दोनच आर्ग्युमेंटपुरते आहे आणि तेही फंक्शनला सर्व मूल्ये एकदमच देते.

पुढे मी व्याजाची पद्धत, स्थिर की घटती, हे चौथे आर्ग्युमेंट जोडले आणि 120 ओळींवर, ओळीमागून ओळ फंक्शन चालवणारे ‘अप्लाय’ (apply) चालवले. अक्षरी स्तंभ आल्यामुळे ‘अप्लाय’ने सगळ्या तक्त्याचे अक्षरी मॅट्रिक्स केले आणि आकडेमोड अडली. मिश्र प्रकारांच्या तक्त्यावर ‘अप्लाय’ टाळावे. शिवाय ‘एक्सपांड.ग्रिड’ अक्षरी मूल्यांचे फॅक्टर (ठरावीक गटांचा प्रकार) करते. ‘स्ट्रिंग्जअ‍ॅजफॅक्टर्स’ या त्याच्या पर्यायाला ‘फॉल्स’ (असत्य) देणे बरे.

‘एक्सपांड.ग्रिड’मध्ये पहिला स्तंभ सर्वांत वेगाने बदलतो आणि आर अ‍ॅरेही त्याच क्रमाने भरतो. त्यामुळे उत्तरांना 4, 5, 3, 2 ही परिमाणे दिली की प्रत्येक मूल्य आपल्या जागी बसते. ‘टायडीआर’ (tidyr) या आरच्या पॅकेजमधील ‘एक्सपांड_ग्रिड’चा क्रम मात्र उलटा असतो, तेथे शेवटचा स्तंभ वेगाने बदलतो, म्हणून परिमाणेही उलट्या क्रमाने द्यावी लागतात.